शेवटच्या माणसाची मान

शुक्रवारी दुपारी टेबलाभोवती खुर्च्या ओढल्या गेल्या तेव्हाच कोणाचा डोळा कशावर आहे हे स्पष्ट झालं. थोरला मुलगा वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या उजव्या हाताला बसला. तो वकील, त्यामुळे तोंड न उघडता दावा कसा ठोकायचा हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. ताईने दातांचा दवाखाना अर्ध्यातच बंद करून डावी बाजू गाठली. सगळ्यांत धाकट्या भावाचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं. त्याने जन्मभर जे केलं तेच आजही केलं, म्हणजे कुणालाच राग येणार नाही अशी मधली जागा शोधली. त्याची बायको, घरातली धाकटी, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला आप्पांच्या समोर बसली. त्या जागेसाठी तिला कधी धावपळ करावी लागली नव्हती, कारण ती जागा शेवटच्या माणसाची होती आणि लग्न होऊन आल्यापासून या घरात शेवटचा माणूस तीच होती.

रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं आप्पांच्या वडिलांनी सुरू केलं आणि त्यांच्यामागे आप्पांनी चालवलं. साध्या कोड्यात नुसता अर्थ दिलेला असतो. गूढ कोड्यात अर्थ असतोच, पण त्याच ओळीत तो शब्द कसा बनतो याचा खेळही दडवलेला असतो, आणि दोन्ही वाटा एकाच उत्तराशी येऊन मिळाव्या लागतात. असं कोडं छापायला जाण्याआधी घरच्या टेबलावर सुटलं पाहिजे, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. ज्याला उत्तर आधी सुचेल त्याने तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. सगळ्यांचं झालं की ज्याला कळलं नाही त्या शेवटच्या माणसाला बाकीच्यांनी ओळ समजावून सांगायची. त्याने मान हलवली की ओळ पास, नाही हलवली तर बाद. आजवर बाद मात्र एकही झाली नव्हती. शेवटच्या माणसाला कळलं नाही तर त्याला तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगण्यात येई, आणि तो बिचारा कान वाचवण्यासाठी मान हलवून मोकळा होई.

धाकटी पहिल्यांदा या टेबलाशी बसली तेव्हा आप्पांनी वाचलं होतं, "नदी उलटी वाहिली, गरीब झाली. दोन घरं." तिने अगदी मनापासून विचारलं, कोणती नदी? त्यावर जे हसू पिकलं ते अजून अधूनमधून पिकत असे. मग तिला सांगण्यात आलं की नदी कोणतीच नाही, नदी हा शब्दच उलटा वाचायचा. दीन होतो, दोन अक्षरांची दोन घरं, आणि दीन म्हणजे गरीब. तिने मान हलवली. पण नंतर भांडी आवरताना ती मध्येच थांबली आणि एकटीच हसली. त्या ओळीने तिला चांगलंच फसवलं होतं, तरी एक शब्द खोटा बोलली नव्हती. तेव्हापासून तिला या खेळाचं वेड लागलं.

ती लिफ्ट तपासणारी इंजिनिअर होती. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं स्वतः हात लावून पाहायची आणि मगच सही करायची, हे तिचं काम. खाली-वर जाता जाता तिच्या डोक्यात ओळी जुळत असत. घरातले बाकीचे हुशार लोक उत्तर आलं की पुढच्या ओळीकडे पळत. हिला मात्र प्रत्येक ओळ खिळान् खिळा सुटी करून दाखवली जात होती, त्यामुळे ओळ कशावर उभी असते हे तिला त्या तिघांपेक्षा जास्त कळायला लागलं होतं. शेवटचा माणूस ती आता नावालाच होती. बऱ्याच ओळी तिला थोरल्याच्याही आधी सुटत. पण खुर्च्या बदलायचं कुणाला सुचलं नाही आणि तिनेही सुचवलं नाही.

आप्पांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. आज सकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना त्यांनी तिला सांगून टाकलं, की आजचं कोडं पास झालं की सगळ्यांसमोर जाहीर करणार, पुढच्या रविवारपासून कोडं तिचं. थोरला रुसेल, हेही त्यांनीच म्हटलं, आणि रुसू दे, हेही. त्याला माझी खुर्ची हवी आहे आणि तुला ओळी हव्या आहेत, एवढा फरक मला अजून कळतो, असं म्हणून ते पुढच्या कुंडीकडे वळले. धाकटीने त्यांच्या हातातली झारी घेतली आणि उरलेल्या कुंड्यांना स्वतःच पाणी घातलं. तिला ते कोडं हवं होतं. इतकं हवं होतं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती दिवसभर नसती कामं अंगावर ओढून घेत होती.

आता फक्त आजचं कोडं सुरळीत पार पडायचं होतं.

आप्पांची ओळ बनवायची पद्धत जगावेगळी होती. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ते एका तुकड्यावर खेळ लिहीत आणि दुसऱ्यावर अर्थ. मग दोन्ही अर्धे शेजारी ठेवायचे, शब्द इकडचे तिकडे करायचे, आणि सांधा दिसेनासा झाला की दोघांना मिळून कपड्यांचा चिमटा लावायचा. त्यांच्या खोलीत दोरीवर आठवडाभर हे पुठ्ठे लटकत असत. आई मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आयुष्यात एक कोडं सोडवलं नव्हतं, पण शनिवारी कपडे वाळत घालायच्या वेळी चिमटे परत मागायला त्या कधी विसरल्या नाहीत.

आप्पा खुशीत होते. एकेक चिमटा काढून ते ओळी वाचत गेले. "अवयव कापा, किडा उडी मारील. चार घरं." ताईने भुवया उडवल्या, म्हणजे तिला आलं. थोरल्याला तर ऐकतानाच आलं होतं, निदान त्याचा चेहरा तसं सांगत होता. बायकोला समजावायचा मान नवऱ्याने पटकावला, अवयव म्हणजे नाक, कापा म्हणजे तोडा, झाला नाकतोडा. धाकटीने मान हलवली. मग वेल उलटी धरली की गाणं सावरतं, अशी ओळ आली. वेल म्हणजे लता, ती उलटी केली की ताल. या ओळीवर आप्पा स्वतःच इतके खूश होते की त्यांनी ती दोनदा वाचली. धाकटीने दोन्ही वेळा मान हलवली.

असं करत करत गाडी तेरा आडव्यापाशी आली. आप्पांनी चिमटा काढला, पुठ्ठे जोडून धरले आणि वाचलं, "चमचा कर स्वच्छ, आत माल तयार होतो. चार घरं."

कुणाच्याच भुवया हलल्या नाहीत. थोरल्याने कोड्याची चौकट आपल्याकडे ओढली. उभ्या शब्दांमुळे पहिल्या घरात 'का' आलेला होता आणि तिसऱ्यात 'खा'. माल तयार होतो म्हटल्यावर पुढे शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कारखाना," तो म्हणाला.

आप्पांनी समाधानाने डोळे मिटले आणि तिला समजावून सांग, अशी हाताने खूण केली.

थोरल्याने घसा साफ केला. या घरात आप्पांची ओळ चुकू शकते हे कुणाच्या स्वप्नातही येत नसे. ओळ कळली नाही तर कमतरता आपल्या डोक्यात, अशीच तिन्ही मुलं वाढली होती. तेव्हा त्याने उत्तराच्या बाजूने उलटं खणायला सुरुवात केली. चमचा कशासाठी असतो, तर खाण्यासाठी, म्हणून 'खा'. 'कर' जरा लांबवून म्हटलं की 'कार'. आणि चमचा स्वच्छ केला म्हणजे त्यात काही उरलं का? नाही उरलं, म्हणून 'ना'. आता हे तीन तुकडे योग्य क्रमाने लावायचे.

धाकटीने ऐकून घेतलं. कोर्टात हा असंच काही बोलत असेल तर त्याचे अशील खरोखर धीराचे असले पाहिजेत, असं तिला वाटलं. तिने मान हलवली नाही.

"नाही पटलं?" ताई म्हणाली. तिला थोरल्याचं पटलं नव्हतंच, आणि त्याला मागे टाकायची संधी ती सोडणार नव्हती. तिच्या मते दादा विनाकारण तुकडे पाडत होता, ही अख्खी ओळच अर्थाची होती. नवे कोरे चकचकीत चमचे कुठे तयार होतात? कारखान्यात. खेळ म्हणाल तर खेळ नसणं हाच आप्पांचा खेळ.

धाकटी तशीच बसून राहिली. मग तिच्या नवऱ्यालाही स्फुरण चढलं. चमचा म्हणजे साहेबाच्या पुढेपुढे करणारा माणूस, असे चमचे जिथे साहेबाचं टेबल पुसून स्वच्छ करतात ती जागा म्हणजे कारखाना, असा बादरायण संबंध त्याने जोडला आणि मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

आता आप्पांनी डोळे उघडले होते. ते हसत होते, पण पुठ्ठ्यांवरचा त्यांचा अंगठा घट्ट झाला होता. तीन-तीन जणांनी समजावलं, आता हलव की मान, असं ते हसतच म्हणाले. नुसती हनुवटी खाली-वर करायची, बस. अजून पाच-सहा ओळी, मग आप्पा बोलणार, आणि कोडं तिचं.

टेबलाखाली नवऱ्याचा पाय तिच्या पायावर पडला. सगळ्यांसाठी पाणी आणतो, असं म्हणून तो उठला आणि तिलाही उठवून स्वयंपाकघरात घेऊन गेला.

आई तिथे ओट्यापाशी उभ्या राहून सुरी घासत होत्या. त्यांच्यासमोर बोलावं की नाही याचा त्याने क्षणभर विचार केला आणि मग बोललाच. ओळ चुकली आहे हे त्यालाही कळत होतं. त्यात काय एवढं, हल्ली होतं त्यांचं असं. तू आत्ता मान हलव, आप्पा विश्रांतीला गेले की आपण वर्तमानपत्राला फोन करून ओळ बदलून घेऊ. कुणाला कळणार नाही, कुणी दुखावणार नाही. आणि सकाळी गॅलरीत काय ठरलं ते तिने त्याला सांगितलं होतं, तेव्हा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, असंही तो म्हणाला.

धाकटीला तो मार्ग वाईट वाटला नाही. खरं तर फारच सोयीचा वाटला, आणि म्हणूनच तिला स्वतःची भीती वाटली.

आईंनी सुरी धुऊन उभी केली. "फोन करायचाच असेल तर वाचकांनाही करा," त्या म्हणाल्या. "दोन-तीन जणांचे फोन मला येऊन गेले आहेत. मागच्या कोड्यात एक ओळ लागतच नाही म्हणत होते."

"मग तू काय सांगितलंस?" त्यांच्या मुलाने विचारलं.

"तुम्हालाच कळलं नसेल, म्हटलं. आणि काय सांगणार?"

धाकटीने हळूच विचारलं, "ती ओळ टेबलावर आली होती? मी मान हलवली होती?"

"तूच हलवलीस ना. दुसरं कोण हलवतं इथे?" आईंच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. रुग्णाचा ताप वाचून दाखवावा तशा त्या बोलल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "त्यांना कळत नाही असं समजू नका. परवा मला विचारत होते, मुलं माझी चूक काढत का नाहीत? मी म्हटलं, चूक नसेल. तर म्हणाले, सापडत नसेल तर ठीक आहे, पण सापडून गप्प बसत असतील तर मग मी हे कुणासाठी करतोय?"

धाकटीला तिथल्या तिथे रडू आलं असतं. लिफ्टच्या दोरावर मालकाला बरं वाटावं म्हणून तिने आजवर कधी सही केली नव्हती. आणि या माणसावर तिचं मालकांपेक्षा कितीतरी जास्त प्रेम होतं. पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हातात देऊन ती त्याच्याआधी बाहेर आली.

बाहेर थोरला आप्पांना आपलं स्पष्टीकरण आणखी सफाईदार करून सांगत होता आणि आप्पा ते ऐकत होते. ज्याची चूक आहे त्यालाच ती बरोबर असल्याचं इतक्या तन्मयतेने पटवून देणारा माणूस तिने याआधी पाहिला नव्हता.

ती जागेवर बसली. "आप्पा, ही ओळ बाद आहे."

बाद हा शब्द रीत सांगताना वापरायचा होता, प्रत्यक्षात कुणी वापरायचा नव्हता. थोरल्याने चष्मा काढला. शेवटच्या माणसाचं काम समजून घ्यायचं असतं, निकाल द्यायचं नसतं, असं त्याने शांतपणे, म्हणजे फार रागावून सांगितलं. सगळ्या घरात एकटीलाच कळलं नाही तर ओळ चुकली कशी, असा त्याचा सवाल होता.

"एकटीला कळलं नाही असं नाही, दादा. तुम्हा तिघांनाही कळलेलं नाही," धाकटी म्हणाली. "नाकतोड्याला तिघांनी एकच रस्ता सांगितला असता. तालालाही. या एका ओळीला तुम्ही तीन रस्ते काढलेत, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. ओळ बरोबर असती तर एवढं खणावं लागलं असतं का?"

ताई डॉक्टर होती, एकाच एक्स-रेवर तिघांनी तीन रोग सांगितले तर काय समजायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आपली खुर्ची थोरल्यापासून जराशी दूर सरकवली आणि कबूल केलं की तिचंही ओढूनताणूनच होतं.

"माझ्या ओळीला बाद म्हणतेस?" आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"हो. पुठ्ठा बघा ना. चमचा कर. पहिली दोन अक्षरं अंगठ्याने झाका. काय राहिलं?"

आप्पांनी झाकली नाहीत. ते तिच्याकडेच बघत होते. नवऱ्याने तांब्या टेबलावर ठेवला आणि तोही बघत राहिला. मग आप्पांचा अंगठा पुठ्ठ्यावरून सावकाश सरकला आणि थांबला.

"चाकर," ते म्हणाले.

"चाकर. तीन घरं. अर्थ नोकर. हा अर्धा भाग त्याचा आहे. इतका सुंदर दडवलाय की मला हेवा वाटला. पण तो कारखान्याचा नाही. दोन वेगळ्या ओळींच्या अर्ध्यांना एकच चिमटा लागलाय, आप्पा."

आप्पांनी दोन्ही पुठ्ठे वेगळे करून टेबलावर दूर दूर ठेवले. चौकटीत बसेना म्हणून चाकर मागे ठेवून दिला होता, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मान वर केली.

"चुकलं."

या टेबलावर हा शब्द आप्पांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. ताई खिडकीबाहेर बघायला लागली. धाकट्याने उगाचच सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं. थोरला मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्याने सांत्वन करायला घेतलं, एवढ्या तेवढ्याने काय होतं, छापली असती तरी चालून गेली असती.

"कशी चालून गेली असती?" आप्पा म्हणाले. "तू तर ती मला सिद्ध करून दिलीस. आणखी थोडा वेळ बोलला असतास तर मलाही पटलं असतं." थोरल्याने चष्मा पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा वकिलाचा न दिसता मुलाचा दिसला.

आप्पांनी अर्थाचा पुठ्ठा टेबलावरून धाकटीकडे ढकलला. जोरातच ढकलला. "घे. वर्तमानपत्राचा फोन येईल आता. बाद करता येतं तर लिहिताही आलं पाहिजे. दे दुसरा अर्धा."

त्यात राग होता आणि तिला तो कळला. सकाळचं सगळं मोडलं, हेही कळलं. तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण समोर पुठ्ठा होता, 'आत माल तयार होतो', आणि कारखाना हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिथल्या मालाच्या लिफ्टमधून ती कितीतरी वेळा वर-खाली गेली होती. तिने पेन्सिल मागून घेतली, रिकाम्या तुकड्यावर तीन शब्द लिहिले, एक खोडून दुसरा घातला आणि दोन्ही पुठ्ठे जोडून वाचलं.

"गाडी गिळा की, आत माल तयार होतो. चार घरं."

आधी ताई हसली. मग नवरा. थोरल्याने हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण गिळलेली गाडी त्याच्या डोळ्यांपुढे आली असावी, कारण त्याच्याही मिशा हलल्या. "गाडी म्हणजे कार, गिळा म्हणजे खा, की म्हणजे ना, 'बस की' तसं 'बस ना'," तो भरभर म्हणाला. "सोपी आहे."

"सोपी आहे," धाकटी म्हणाली. "आणि बरोबर आहे."

"खेळ तिचा आणि अर्थ माझा," आप्पा म्हणाले. "हं." त्यांनी तिचा तुकडा मागून घेतला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

फोन वाजला. आप्पांनीच उठून घेतला. तेरा आडवा बदललाय, सगळं सांगतो, असं म्हणून ते थांबले, आणि मग पाठ फिरवून उभ्या उभ्याच म्हणाले, "आणखी एक लिहून घ्या. पुढच्या रविवारपासून कोडं माझी सून देईल. वाचकांचे फोनही यापुढे तिच्याकडे द्या. माझ्या बायकोकडे देऊ नका, ती त्यांनाच वेड्यात काढते." आतून आईंचा काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पलीकडच्या माणसाला जरा थांबा म्हणून आप्पांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला.

"म्हणजे हे ठरलेलं होतं?" थोरल्याने विचारलं.

"सकाळी ठरलं होतं. मघाशी मोडलं होतं. आता पुन्हा ठरलं."

थोरला धाकटीकडे वळला. तिने तयारी ठेवली होती, तो आता वडिलोपार्जित हक्कापासून सुरुवात करेल. पण तो वेगळंच विचारत होता. "तुला सकाळीच माहीत होतं? आणि तरी मान हलवली नाहीस?"

"नाही हलवली."

तो बराच वेळ टेबलावर बोट फिरवत बसला. त्याला लागलं होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. एवढ्या वर्षांचं माझं काय, असं तो एकदा पुटपुटला. मग त्याने चौकट उचलली, तेरा आडव्यात कारखाना आपल्या हाताने नीट लिहिलं आणि कागद धाकटीपुढे सरकवला. त्याच्यासारख्या माणसाने एकही शब्द न बोलता हे केलं, याचं मोल तिला कळलं.

ताईला एक अडचण दिसली. धाकटी जर ओळी देणार, तर यापुढे त्या टोकाला कोण बसणार? शेवटचा माणूस नसेल तर कोडं पास कसं व्हायचं? तिने सवयीने धाकट्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. तो कुणालाच नाही म्हणत नसे, म्हणजे त्या जागेला तो सगळ्यांत निरुपयोगी होता.

"मी बसतो," आप्पा म्हणाले.

सगळे एकदम बोलायला लागले, तुम्ही कसे, तुम्ही तर, वगैरे. आप्पांनी ते संपू दिलं.

"मला हल्ली पटकन उमगत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तुम्ही ते झाकायला तीन-तीन स्पष्टीकरणं शोधता, त्याचाच मला जास्त त्रास होतो." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "या टेबलावर एकच जागा अशी आहे जिथे पटकन उमगावं लागत नाही. ती मला हवी आहे."

रिसीव्हरमधून पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. मला वाईट वाटेल म्हणून मान हलवायची नाही."

"नाही हलवणार," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी समोरचा तुकडा बोटाने तिच्याकडे फिरवला. "ही कुठे हलवली आहे अजून? तो भरभर बोलून गेला. कार कळलं मला. पुढचं पुन्हा सांग, सावकाश."

थोरला सांगायला पुढे झुकला. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. धाकटी पेन्सिल घेऊन आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून समजावून सांगू लागली.